प्रेमकादंबऱ्या, जुन्या काळातल्या आणि आजच्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बडोद्याची. प्रेमकादंबऱ्या वाचते. मराठी सगळ्यात जास्त, इंग्रजीही भरपूर, गुजराती हाती येईल तशी. ओळखीपाळखीचे लोक पुस्तक मागायला येतात तेव्हा सोबत काही ठरावीक प्रश्नही आणतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. मतं माझी आहेत आणि बरीचशी ठाम आहेत.

ताई, तुम्हाला ऐतिहासिक जास्त आवडतात की आजच्या काळातल्या?

ऐतिहासिक, पण थोड्याच फरकानं. दोघं एकमेकांना आवडतात हे वाचकाला तिसऱ्या प्रकरणापर्यंत कळलेलं असतं. पुढचं सगळं पुस्तक उभं राहतं ते त्यांच्या आड काय येतं यावर. जुन्या काळात हा अडसर लेखकाला आयता मिळतो. जात, सोवळं, वैधव्य, लहानपणीच ठरलेली सोयरीक, मोहिमेवर गेलेला माणूस, पोचेल की नाही याची खात्री नसलेलं पत्र. आज फोन उचलून विचारता येतं. म्हणून आजची प्रेमकादंबरी लिहायला अधिक अवघड आहे असं मला वाटतं, आणि एखादीला ते साधलं की मी ती चार जणींना वाचायला लावते.

मराठीतल्या ऐतिहासिक प्रेमकथा शेवटी रडवतातच. असं का?

कारण आपण नायक-नायिका थेट इतिहासातून उचलतो, आणि त्यांचं मरण तारखेसकट ठरलेलं असतं. रणजित देसाईंची ‘स्वामी’ (१९६२) घ्या. माधवराव आणि रमाबाई यांचं नातं कितीही हळुवार रंगवलं, तरी १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला माधवराव क्षयानं जाणार, वय अवघं २७, आणि रमाबाई सती जाणार. ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’मध्ये (१९७२) बाजीराव २८ एप्रिल १७४० ला नर्मदाकाठी रावेरखेडीला देह ठेवणार आणि त्याच वर्षी मस्तानीही जाणार. लेखकाच्या मनात कितीही असलं तरी त्याला या माणसांना वाचवता येत नाही.

या दोन्ही कादंबऱ्या मला मनापासून आवडतात. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही. त्यांच्या यशानंतर आपण सगळ्यांनी मिळून असं धरून चाललो की इतिहासातलं प्रेम म्हणजे ताटातूटच, आणि शेवटी दोघं सुखानं नांदली तर ती कथा हलकी. हे मला पटत नाही. थेऊरच्या वाड्याबाहेर हजारो घरं होती. तिथंही माणसं एकमेकांवर जीव टाकत होती, भांडत होती, म्हातारी होत होती. त्यांची नावं बखरीत नाहीत, म्हणून त्यांच्या गोष्टीचा शेवट लेखकाच्या हातात राहतो. काळ खरा ठेवायचा आणि माणसं आपली घडवायची, हा मार्ग मराठीला परका नाही. रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ (१८७१) ही आपली पहिली ऐतिहासिक कादंबरी. तिच्यात शिवकाळ खरा आहे आणि गोष्ट कल्पनेतली. ती वाट पुढं प्रेमकथेनं धरायला हवी होती. मला सगळ्यात जास्त काय वाचायचंय असं कुणी विचारलं तर माझं उत्तर हेच असतं.

मग इंग्रजीत हे सहज कसं जमतं?

तिकडे वाचक आणि लेखक यांच्यात एक करार आहे. शेवटी दोघं एकत्र आली पाहिजेत. तो पाळता यावा म्हणून नायक-नायिका कल्पनेतली असतात. त्यांच्या सगळ्यात लाडक्या काळाला रीजन्सी म्हणतात. तिसरा जॉर्ज राजा आजारी पडला आणि १८११ ते १८२० या काळात मुलानं त्याच्या नावानं कारभार पाहिला, तेवढंच ते दशक. जॉर्जेट हेयर या लेखिकेनं कपडे, घोडागाड्या, बोलण्यातले वाक्प्रचार यांचा कसून अभ्यास करून त्या दशकाचं एक अख्खं जग उभं केलं, आणि आजही लेखिका त्यात नवी माणसं आणून वसवताहेत.

त्याच दशकात आपल्याकडे काय चाललं होतं पाहा. गायकवाडांचे वकील म्हणून गंगाधरशास्त्री पटवर्धन बडोद्याहून पुण्याला पेशव्यांकडे गेले. दुसऱ्या बाजीरावानं त्यांना आपलंसं करायला आपल्या मेहुणीचं लग्न शास्त्र्यांच्या मुलाशी ठरवलं. नाशिकला तयारी झाली आणि लग्न मोडलं. १८१५ मध्ये पंढरपुरात शास्त्र्यांचा खून झाला. इतिहासाची पुस्तकं इथून पुढं इंग्रज, खुनाचा आळ आलेला बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे आणि १८१८ मध्ये बुडालेली पेशवाई यांच्याकडे वळतात. मी मात्र त्या मोडलेल्या लग्नापाशीच थांबते. दारात मांडव, घरात आलेल्या आत्या-मावश्या, रुखवतासाठी केलेले लाडू, आणि कुणीतरी येऊन सांगतं की आता लग्न नाही. त्या घरातली एखादी करवली, तिकडच्या वऱ्हाडातला एखादा तरुण कारकून. यांची गोष्ट लिहायला कुठल्या बखरीची आडकाठी आहे?

शेवट गोडच होणार हे माहीत असेल तर वाचायचं कशाला?

सुदाम्याच्या कीर्तनाला बसलेल्या माणसाला देव पोहे खाणार हे ठाऊक असतं. तरी पुरचुंडी सुटेपर्यंत तो उठत नाही.

बडोद्यावर प्रेमकादंबरी लिहिण्यासारखं खरंच काही आहे का?

खूप आहे, आणि ते वाया जातंय याचं मला वाईट वाटतं.

सयाजीराव महाराजांची मुलगी इंदिराराजे, जन्म १८९२. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी तिचं लग्न ठरलेलं होतं. १९११ च्या दिल्ली दरबाराच्या वेळी तिची आणि कूचबिहारच्या महाराजांचे धाकटे भाऊ जितेंद्रनारायण यांची ओळख झाली. तिनं घरी न सांगता शिंद्यांना पत्र लिहून लग्नाला नकार कळवला. ग्वाल्हेरहून तार आली तेव्हा आईवडिलांना कळलं. विरोध झाला, मनधरणी झाली, आणि १९१३ मध्ये लंडनला आईवडिलांच्या गैरहजेरीत तिनं जितेंद्रनारायणांशी लग्न केलं. त्याच वर्षी ते कूचबिहारच्या गादीवर आले. १९२२ मध्ये ते वारले. तिशीतली इंदिराराजे पदरी लेकरं घेऊन मुलाच्या नावानं राज्य चालवू लागली. जयपूरच्या गायत्रीदेवी ही तिचीच मुलगी.

पुस्तक १९१३ ला थांबवलं तर ही गोड शेवटाची प्रेमकथा, १९२२ ला थांबवलं तर शोकांतिका. माणसं तीच. लेखक कुठे थांबतो हाही एक निर्णय असतो, आणि मराठी लेखक तो नेहमी एकाच बाजूनं घेतात.

तरी मला इंदिराराजेवर कादंबरी नकोय. तिची गोष्ट तिची आहे. माझ्या डोक्यात वेगळंच घोळतं. ग्वाल्हेरची ती तार बडोद्यात पहिल्यांदा कुणी वाचली असेल? तारमास्तरनं. कट्ट-कडकट्ट ऐकत, पेन्सिलनं एकेक अक्षर उतरवत. महाराजांच्या घरातली एवढी मोठी गोष्ट सगळ्यात आधी त्याला कळली आणि कुणापाशी बोलायची सोय नाही. समजा त्याचं राजवाड्यात शिकवणाऱ्या एखाद्या मास्तरीणबाईंवर मन आहे. त्या रोज संध्याकाळी सूरसागर तळ्यावरून घरी जातात. आता त्याच्या गप्प राहण्याला वजन आलं. त्यांना सावध करावं, तर नोकरीचं इमान मोडतं. गप्प राहावं, तर उद्या राजवाड्यातली चौकशी त्यांच्यावरच येणार, पत्र टपालात पडलं कसं म्हणून. हे दोघं सर्वस्वी काल्पनिक आहेत, म्हणून त्यांना शेवटी एकत्र आणायला लेखक मोकळा आहे.

दुसरं बीज १९३१ चं. बडोदे संस्थानानं हिंदू स्त्री-पुरुषांना घटस्फोटाचा कायदा दिला. सबंध देशात हिंदू विवाह कायदा आला तो १९५५ मध्ये. त्या मधल्या वर्षांत बडोद्याच्या न्यायमंदिराच्या पायऱ्या चढणाऱ्या पहिल्या बायकांपैकी एखादी, तिला अर्ज लिहून देणारा वकील, घरी आल्यावर शेजारणींची बंद झालेली दारं. इथे तर अडसर शोधायलाही लागत नाही. कायदा हाताशी आहे, समाज मागं आहे.

आणि हलकंफुलकं हवं असेल तर १८६२ मध्ये सुरू झालेली डभोई–मियागाम ही अरुंद रुळांची गाडी. ती सुरुवातीला बैल ओढायचे. एवढा वेळ समोरासमोर बसायला मिळाल्यावर प्रेमात पडायला आणखी काय लागतं!

पण त्या काळी बायकांना कुठे होती निवड? नायिका बंडखोर दाखवली की खोटं वाटतं.

निवड होती. तिची किंमत फार मोठी होती, आणि चांगली कादंबरी ती किंमत दाखवते. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं. मोठं झाल्यावर त्यांनी नवऱ्याच्या घरी नांदायला नकार दिला. १८८४ मध्ये नवऱ्यानं मुंबईला दावा लावला. १८८७ मध्ये कोर्टानं सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंग. त्या तुरुंगात जायला तयार झाल्या. १८८८ मध्ये तडजोड झाली, मग त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या आणि पुढं कितीतरी वर्षं आपल्या सुरतेत त्यांनी दवाखाना सांभाळला. तेव्हा ‘असं घडूच शकत नव्हतं’ हे मला सांगू नका.

खोटं वाटतं ते नायिकेच्या बोलण्यामुळे. अठराव्या शतकातली बाई ‘मला माझी स्पेस हवी’ याच अर्थाचं काही शुद्ध मराठीत बोलायला लागली की माझं मन उडतं. त्या काळातली बाई व्रताचं निमित्त करून माहेरी राहील, आजारपण काढेल, देवाचा कौल लावेल, दिरामार्फत निरोप धाडेल. विरोधाच्या किती वाटा होत्या! लेखिकेनं त्या शोधायला हव्यात.

नायिकेच्या वयाचं काय? तेव्हा तर आठव्या-नवव्या वर्षी लग्नं व्हायची.

हा प्रश्न लोक दबक्या आवाजात विचारतात, म्हणून मोकळेपणानं लिहिते. लहान मुलीच्या लग्नावर प्रेमाचा मुलामा चढवलेली कादंबरी मी वाचत नाही. मग ती कितीही सुंदर भाषेत असो. ‘तेव्हाची पद्धतच होती’ हे इतिहासाच्या पुस्तकात ठीक आहे. प्रेमकथेत वाचकानं त्या जोडप्यावर जीव लावायचा असतो, आणि तिथे हे चालत नाही.

लेखकापुढं मार्ग आहेत. लग्न लहानपणी झालेलं असलं तरी गोष्ट दोघं वयात आल्यावर सुरू करता येते. विधवा नायिका घेता येते. किंवा काळच पुढचा निवडता येतो. बडोदे संस्थानात १९०४ मध्ये बालविवाहाला बंदी घालणारा कायदा झाला आणि १९०६ पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं, मुलींनाही. इंग्रजी मुलखात शारदा कायदा यायला १९२९ उजाडलं. शाळेत गेलेली, पत्र वाचता-लिहिता येणारी, थोडी मोठी झालेली नायिका इथं आधीपासून होती.

ऐतिहासिक तपशील चुकला तर पुस्तक ठेवून देता का?

कोणता चुकला त्यावर आहे. एखादी तारीख मागंपुढं झाली तर मी दुर्लक्ष करते. पण पेशव्यांच्या वाड्यात पाहुण्यांना चहा आला, की पुढच्या पानावर माझा विश्वास बसत नाही. सतराशे चाळीस सालातल्या नायिकेनं काडेपेटीची काडी ओढून दिवा लावला तर तेच. घासून पेटणारी काडी १८२६ च्या आसपास इंग्लंडमध्ये निघाली. आधीच्या घरात विस्तव राखेत जपून ठेवायचे, विझला तर शेजारून आणायचे. आता बघा, ‘विस्तव मागायला आलेली शेजारीण’ हे प्रेमकथेला किती उपयोगी आहे! काडेपेटीच्या चुकीनं लेखिकेनं एक भेट हातची घालवली. अचूकपणाचा आग्रह मी धरते तो एवढ्यासाठी. खऱ्या तपशिलातून प्रसंग सापडतात.

नायक दांडगाई करतो, हात धरून ओढतो, ‘नाही’ ऐकत नाही. जुन्या काळातला म्हणून चालवून घ्यायचं का?

नाही. पुष्कळ इंग्रजी पुस्तकांत आणि आपल्याही जुन्या कादंबऱ्यांत हे आहे, आणि पुष्कळ वाचकांना ते आवडतं हेही मला माहीत आहे. मला आवडत नाही. रागीट, अबोल, हट्टी, गर्विष्ठ नायक मी आनंदानं वाचते. तिचं ऐकून न घेणारा नायक शेवटच्या प्रकरणात कितीही बदलला तरी मला त्या लग्नाची काळजी वाटत राहते, आणि मग गोड शेवट गोड लागत नाही.

शृंगार किती असावा?

गोष्टीला लागेल तेवढा. दार लागलं आणि प्रकरण संपलं, हेही मला चालतं. दाराच्या आतलं लिहिलं असेल तर त्या दोघांच्या स्वभावातून आलेलं असावं. सगळ्या पुस्तकांत तेच ते वर्णन उचलून ठेवल्यासारखं नसावं.

मराठीत यावर कोर्टकचेरी झालेली आहे. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि १९६९ मध्ये न्यायालयानं ती अश्लील नसल्याचा निकाल दिला. ज्यांना वाटतं की मराठी प्रेमकथा आता आता धीट झाली, त्यांनी हे लक्षात घ्यावं. माझ्या आईच्या पिढीतल्या बायका हे अंक उशीखाली ठेवून वाचत. त्यांना लपवावं लागलं याचं मला आजही वाईट वाटतं.

आजच्या काळातल्या कादंबऱ्यांत अडसर उरलाच कुठे? आवडलं की लग्न करा.

असं म्हणणाऱ्यांनी बडोद्यात एखादं मराठी-गुजराती लग्न जमवून पाहावं!

आपल्याकडं कायस्थ घरं पुष्कळ. पिढ्यान् पिढ्या इथं राहिलेली, घरात मराठी, बाहेर अस्खलित गुजराती, नवरात्रात गरब्याला सगळ्यांच्या पुढं. मुलीनं गुजराती मुलगा निवडला तर भाषेवरून कुणी हूं की चूं करत नाही. गाडी अडते स्वयंपाकघरात. मला वाचायचा असलेला प्रसंग असा. रविवार. मुलाची आई पहिल्यांदाच, न कळवता, सहज म्हणून येते. गॅसवर सोड्याची, म्हणजे सुक्या कोळंबीची, खिचडी. मुलीची आई खिडकी उघडते, पंखा लावते, उदबत्ती लावते, आणि हसून ‘आवो ने बेन’ म्हणते. त्या बाई हॉलमध्ये बसतात, पाणी घेतात, पेला खाली ठेवतात. त्यांनी ते पाणी प्यायलं की नुसतं ओठाला लावलं, हे मुलगी दारातून बघते आहे. कुणी एक शब्द वाकडा बोललेलं नाही. पुढची शंभर पानं त्या पेल्यावर चालतील.

शिवाय भाड्याच्या घराची अट, कॅनडाची फाइल, एकुलत्या मुलीवर अवलंबून असलेले वडील, पहिल्या लग्नातलं मूल. आजचे अडसर खरे आहेत, मुकाट्यानं वावरणारे आहेत. लेखकांना ते दिसत नाहीत, म्हणून ते नायकाला कंपनीचा मालक करतात आणि नायिकेला त्याच्या ऑफिसात नोकरीला लावतात.

गैरसमजावर चालणाऱ्या कथा?

पाच मिनिटांच्या बोलण्यानं मिटणारा गैरसमज तीनशे पानं चालवला तर मी पुस्तक परत देते. बोलता न येण्याला कारण हवं. भीती, मान, कुणाला दिलेला शब्द.

नाइलाजानं केलेलं लग्न आणि मग प्रेम, हा प्रकार इंग्रजीतून आलाय का?

इंग्रजीत त्याचे ढीग आहेत हे खरं. मिल्स अँड बून ही प्रकाशनसंस्था १९०८ ची, आणि तिनं या कल्पनेवर किती पुस्तकं काढली असतील सांगता येणार नाही. पण तिकडे लेखकाला त्यासाठी खटपट करावी लागते. मृत्युपत्रातली अट घाला, कर्ज काढा, बदनामीची भीती दाखवा. आपल्याकडे कांदेपोहे पुरतात. दोन अनोळखी माणसं, मधे चहाचा ट्रे, दोन्हीकडची मंडळी, आणि महिन्याभरात एक खोली. त्यानंतर हळूहळू एकमेकांची ओळख होणं, त्याला वरण पातळ लागतं हे कळणं, तिनं माहेरी फोन करताना दार लोटून घेणं, पहिलं खरं भांडण, पहिल्यांदा एकमेकांची बाजू घेणं. लग्नानंतर जुळणारं प्रेम हा आपला हक्काचा विषय आहे. जुन्या मराठी लेखिकांनी तो मन लावून लिहिला. पुढं समीक्षकांनी ‘बायकी’ म्हणून तो बाजूला टाकला. मला तो प्रेमकथेचा सगळ्यात अवघड प्रकार वाटतो, कारण दोघं आधीच एका घरात आहेत, तेव्हा अडसर सगळा मनाच्या आत असतो.

विधवा, घटस्फोट झालेल्या, पन्नाशीतल्या नायिका कुणी वाचतं का?

मी वाचते, आणि माझ्याकडून नेणाऱ्या बऱ्याच जणी असंच काहीतरी मागतात. मालतीबाई बेडेकरांनी विभावरी शिरूरकर या नावानं १९३४ मध्ये ‘हिंदोळ्यावर’ लिहिली. नवऱ्यापासून दूर झालेली बाई आणि तिनं दुसऱ्या पुरुषाशी जोडलेलं नातं हा विषय तेव्हा त्यांनी घेतला, टोपणनाव घेऊन का होईना. त्यानंतर एवढ्या वर्षांत पन्नाशीतल्या बाईच्या प्रेमाच्या कथा कपाटभर व्हायला हव्या होत्या. झाल्या नाहीत. या वयात अडसर म्हणून मुलं उभी राहतात, आणि मुलांचं म्हणणंही खोटं नसतं. त्यात केवढी गोष्ट आहे!

मोबाइलवर हप्त्याहप्त्यानं येणाऱ्या कथा चांगल्या असतात का?

काही फार चांगल्या असतात. छोट्या गावातल्या, नोकरी-घर सांभाळून लिहिणाऱ्या बायकांचा आवाज तिथं ऐकू येतो, आणि तो कुठल्याही प्रकाशकानं एरवी छापला नसता. अडचण लांबीची. वाचकांना आवडलं की गोष्ट थांबत नाही. दोघं एकत्र आल्यावर कुणाची तरी जुनी मैत्रीण परत येते, मग अपघात, मग स्मृतिभ्रंश. ज्या लेखिका वेळेवर थांबतात त्यांची नावं मी लिहून ठेवते.

पुरुष वाचतात का?

वाचतात. ऐतिहासिक जास्त, कारण ती ‘इतिहास’ म्हणून उघड हातात धरता येते.

मुलीला कोणत्या वयात द्यावीत?

ती मागेल तेव्हा. द्यायच्या आधी स्वतः वाचा आणि नंतर तिच्याशी नायकाबद्दल बोला. हे बोलणं पुस्तकापेक्षा उपयोगी पडतं असा माझा अनुभव आहे.

बडोद्यात मराठी पुस्तकं मिळतात का?

मिळतात, शोधावी लागतात. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी १९१० मध्ये सुरू झाली. विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून सयाजीरावांनी सगळ्या संस्थानात वाचनालयांचं जाळं विणलं, खेड्यांसाठी फिरती ग्रंथालयं केली. तिथले काचेच्या तळाचे लोखंडी मजले बघायला तरी जा. उजेड वरून खालपर्यंत झिरपावा म्हणून काच घातली आहे. मराठी विभागात जुन्या कादंबऱ्या मागा, आणि ‘लेखिका कोण’ असं विचारत मागा. नुसतं ‘प्रेमकथा’ म्हटलं तर हाती काही लागत नाही. बाकी सगळ्यात मोठा साठा घरोघरच्या माळ्यांवर आहे. कुणी घर बदलत असेल तर रद्दीवाल्याच्या आधी तिथं पोचा.

मला अशी कादंबरी लिहायचीये. सुरुवात कुठून करू?

एक वर्ष ठरवा. राजा कोण होता यापेक्षा त्या वर्षी टपाल कसं जायचं, दिवा कशाचा लागायचा, बाईला एकटीला कुठवर जाता यायचं, मोडलेल्या लग्नाचे दागिने कुणाकडे जायचे, हे शोधा. बडोदे सरकारची आज्ञापत्रिका चाळा. नेमणुका, कायदे, जाहीर नोटिसा, सगळं त्यात आहे, आणि एकेका नोटिशीमागं एक घर आहे. आपापल्या आजीला विचारा. राजघराण्यातलं कुणीही नायक-नायिका करू नका. ती मंडळी लांबून जाऊ देत, हत्तीवरून किंवा मोटारीतून. तुमची दोघं गर्दीत उभी असतील, आणि त्यांचं लक्ष मिरवणुकीकडे नसेल.

शेवटी त्यांना एकत्र आणा. हस्तलिखित झालं की मला वाचायला द्या. चहा कुठे आलाय, काडेपेटी कुठे आलीय, ते सांगीन.